आउटबोर्डची बेअरिंगं: कुठली ठेवली, कुठली टाकली

आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायचं मशीन, खोललं की पिस्टन, रिंगा, पॅकिंग यांवर कुणी वाद घालत नाही. गेलं ते गेलं, नवीन आणायचं. वाद होतो तो बेअरिंगवर. बेअरिंग सहसा फुटून बाहेर येत नाही. हातात घेतलं तर फिरतं, पुसलं तर चकाकतं. मग भोवती जमलेल्यांतला एक तरी म्हणतोच, "ह्येका काय झालाहा? अजून धा वर्सा चलतला."

आमचं मशीन चाळीस एचपीचं, दोन सिलिंडरचं, टू स्ट्रोक, म्हणजे तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. देवबागला कर्लीच्या खाडीत आमची फायबरची होडी असते, माझी आणि चुलतभावाची भागीत. पहाटे जाळी, आणि दिवाळीनंतर दिवसभर संगमावर पर्यटकांच्या फेऱ्या. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी असते, तेवढ्यात मशीनची काय ती कामं उरकायची. यंदा काम मोठं निघालं. मे महिन्यात मशीन गार ठेवणारं पाणी वर चढवणाऱ्या इंपेलरच्या पात्या झिजून ते पुरेसं चढेना, आणि वरच्या सिलिंडरचा पिस्टन चिकटला. हेड काढलं तर पिस्टनचं ॲल्युमिनियम लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, एका अंगाने लिंपल्यासारखं बसलेलं. त्याच दिवशी गिअर बॉक्सचं तेल सोडून बघितलं, ते ताकासारखं पांढुरकं. म्हणजे पंख्याच्या शाफ्टचं सील जाऊन खारं पाणी आत शिरलेलं. वरून खालून दोन्हीकडून मशीन खोलायचं ठरलं.

मी पूर्वी कुडाळच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला होतो, त्यामुळे बेअरिंगशी ओळख जुनी. पण कारखान्यातलं बेअरिंग आणि होडीवरचं बेअरिंग यांत फरक आहे. कारखान्यात तास मोजतात: इतके तास चाललं, बदला. आमच्याकडे तासांवरून काही कळत नाही. इथे बेअरिंग जातं ते बहुतेक पावसाळ्यात, मशीन मांगरात, म्हणजे शेडमध्ये, उभं असताना. हवेत मीठ, ओल, आत पेट्रोल उडून गेलेलं आणि तेलाचा पापुद्रा पातळ झालेला. रोलर जिथे थांबला तिथेच महिना दीड महिना टेकून राहतो, आणि त्याच्या खाली गंज धरतो. म्हणून चांगलं ताणलेलं, रोज चालणारं मशीन खोललं तर बेअरिंग स्वच्छ निघतात, आणि "वर्षभर वापरलंच नाही, नव्यासारखं आहे" म्हणून विकत घेतलेल्या मशीनची क्रँक (पिस्टन जिला फिरवतात तो दांडा) हाताने फिरवली तरी खरखरते.

हे बघायचं कसं, ते मालवणच्या मेस्त्रींनी मला नीट दाखवलं. मेस्त्री म्हणजे आउटबोर्डमध्ये आयुष्य गेलेला माणूस. आधी सगळी बेअरिंगं डिझेलमध्ये भिजत घातली, मग स्वच्छ पेट्रोलने धुतली. त्यांच्या हाताखालच्या पोराने कॉम्प्रेसरची हवा मारून एक बेअरिंग गरगर फिरवायला घेतलं, तेव्हा मेस्त्री कधी नव्हे ते ओरडले, "तेका फिरवू नको रे मेल्या!" कोरडं बेअरिंग हवेने फिरवलं तर एका क्षणात भलत्या वेगाला जातं. छर्रे आणि रेस (कडीवरची छर्रे धावतात ती वाट) ओरबाडतात, छर्ऱ्यांना अंतराने धरणारी जाळी तुटून तोंडावर उडायचीही भीती. हवा मारायची तर कडी बोटांनी घट्ट धरून, नुसतं सुकवण्यापुरती.

मग एकेका बेअरिंगला टू स्ट्रोक तेलाचे दोन थेंब देऊन हाताने सावकाश फिरवायचं. कुठे अडलं, टुकटुकलं तर तिथेच थांबून भिंगाने बघायचं. रेसवर निळसर किंवा तपकिरी झाक असेल तर ते तापलेलं आहे, पोलाद मऊ पडलंय, टाका. रेसवर आडव्या करड्या रेघा असतील आणि दोन रेघांतलं अंतर जाळीतल्या दोन रोलरांच्या अंतराएवढंच भरत असेल, तर तो पावसाळ्यातला गंज. आता त्या रेघेवरून अंगठ्याचं नख ओढायचं. नख नुसतं घसरलं तर डाग. अडकलं तर खड्डा. खड्ड्याला क्षमा नाही. प्रत्येक रोलर त्याच्या काठावर आपटतो, काठाचा कपचा निघतो, आणि टू स्ट्रोक मशीनमध्ये तेलाचा साठाही नाही आणि फिल्टरही नाही. क्रँककेसमधला कपचा पेट्रोलच्या वाफेबरोबर सरळ वर पिस्टनकडे जातो. नवीन लायनर, नवीन रिंगा, आणि खालून येणारी पोलादाची कणी, हे गणित कुणालाही कळेल.

नखाची ही परीक्षा फक्त बेअरिंगपुरती नाही, हे बरेचजण विसरतात. नीडल, म्हणजे सुईसारख्या बारीक रोलरांच्या, बेअरिंगला पुष्कळदा आतली कडीच नसते. रोलर थेट शाफ्टवर किंवा पिनवर धावतात. म्हणजे तो शाफ्ट हाच बेअरिंगचा अर्धा भाग. पिनवर खड्डे असताना जाळीसकट नवे रोलर टाकले तर पैसे पाण्यात.

मशीनच्या वरच्या भागापासून सुरुवात केली. पिस्टनपिनची नीडल बेअरिंगं दोन्ही नवीन, यात चर्चाच नव्हती. वरच्या पिस्टनची पिन तापून निळी पडलेली, आणि ही बेअरिंगं तुलनेने स्वस्त.

खरा पेच क्रँकचा. आमची क्रँक प्रेस करून जोडलेली, म्हणजे वेब (क्रँकचे बाजूचे जाड तुकडे), पिन, कनेक्टिंग रॉड आणि मधलं मेन बेअरिंग (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारं) एकात एक दाबून बसवलेलं. बिग एंडचं, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं, बेअरिंग डोळ्यांनी बघायची सोय नाही, अंदाजच घ्यायचा. रॉड वर खाली ओढून बघायचा: या दिशेने अजिबात ढिलाई नको. आडवा हलवला तर थोडा हललाच पाहिजे, तो मोकळेपणा मुद्दाम ठेवलेला असतो. नवखा माणूस हा आडवा खेळ बघून घाबरतो आणि उभा खेळ त्याच्या लक्षातच येत नाही. आमचा खालचा रॉड ठाक होता. वरचा वर खाली ओढल्यावर बारीक टक् असा आवाज. मेस्त्रींचं म्हणणं, वरचंच बेअरिंग बदलू, खालच्याला हात कशाला लावायचा? चुलतभावालाही ते पटलं, कारण ओरिजिनल रॉड किटचा भाव ऐकून त्याने आधीच कपाळाला हात लावला होता.

आमच्याकडे क्रँक खोलून पुन्हा सरळ करणारी प्रेस आणि डायल (बारीक वाकडेपणा मोजायचं साधन) असलेलं वर्कशॉप मला भरवशाचं वाटेना. क्रँक तेलाच्या फडक्यात गुंडाळली, गोणपाटात बांधली आणि फोंडा घाटाने कोल्हापूर गाठलं. शिवाजी उद्यमनगरात पूर्वी कारखान्याच्या कामाला जायचो, तिथले एक कारागीर ठाऊक होते. त्यांनी क्रँक व्ही ब्लॉकवर ठेवली, रॉड हलवून बघितला आणि म्हणाले, "एकदा खोलतोय तर दोन्ही कनेक्टिंग टाका. पुढच्या साली दुसऱ्यासाठी परत घेऊन आलासा, तर वेबचं भोक सैल पडलेलं असंल. मग क्रँकच भंगारात."

हा मुद्दा मेस्त्रींनी काढला नव्हता, पण तोच निर्णायक ठरला. प्रेसने पिन काढताना आणि घालताना दर वेळी भोकाची पकड थोडी कमी होते. खालचं बेअरिंग आणखी दोन हंगाम गेलं असतं, कुणी सांगावं. पण ते गेलं असतं तेव्हा क्रँक पुन्हा खोलावी लागली असती. शिवाय दोन्ही सिलिंडरच्या मधलं मेन बेअरिंग आणि त्याच्या शेजारचं लॅबरिंथ सील क्रँक सुटी केल्याशिवाय हाती लागतच नाही. तेव्हा दोन्ही रॉड किट नवीन, मधलं मेन नवीन. किटमध्ये रॉड, पिन, जाळी, वॉशर सगळं एकत्र येतं, त्यामुळे जुन्या पिनवर नवे रोलर हा प्रश्नही मिटतो. हे सगळं मशीन बनवणाऱ्या कंपनीचंच घेतलं. त्याच फेरीत दोन्ही सिलिंडर अर्ध्या मिलिमीटरने बोअर करून घेतले.

जोडल्यानंतर त्यांनी क्रँक डायलखाली फिरवून दाखवली. डायलचं एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. आमच्या मॅन्युअलप्रमाणे पाच घरांपर्यंत चालतं. पहिल्यांदा काटा सात घरं सरकला. मग तांब्याच्या हातोड्याने वेबवर एक ठोका, पुन्हा फिरवणं, पुन्हा ठोका. कुठे मारायचं आणि किती, हे त्यांच्या हातालाच ठाऊक. शेवटी काटा जेमतेम दोन घरं हलत होता. मजुरी त्यांनी सांगितली तेवढी दिली, घासाघीस करायची इच्छा झाली नाही.

खालच्या मेन बेअरिंगची गोष्ट वेगळी. ते छर्ऱ्यांचं, क्रँकवर घट्ट बसलेलं. फिरवून बघितलं तर मऊसूत, गंज नाही, डाग नाही. पण ते काढायला पुलरची नखं आतल्या कडीच्या मागे शिरेनात, जागाच नाही. बाहेरच्या कडीला धरून ओढावं लागलं. म्हणजे सगळा जोर छर्ऱ्यांमधून गेला आणि प्रत्येक छर्ऱ्याने रेसवर बारीक वण उठवला. असं ओढून काढलेलं बेअरिंग परत घालायचं नाही, कितीही चांगलं दिसलं तरी. म्हणून काढण्याआधीच ठरवावं लागतं. जागेवर बसल्या बसल्या तपासता येत असेल आणि चांगलं असेल तर त्याला हात लावू नये; ओढलं की नवीन आलंच. आमच्याकडे ते काढल्याशिवाय क्रँकचं काम होणार नव्हतं.

त्याच्या जागी आणायचं काय? मशीनवाल्या कंपनीच्या खोक्यातलं बेअरिंग उघडलं तर आत कुठल्या तरी नावाजलेल्या बेअरिंग कंपनीचाच शिक्का असतो, भाव मात्र कितीतरी पट. छर्ऱ्यांचं साधं बेअरिंग असेल, बाहेरच्या कडीला पिन किंवा खाच नसेल, आणि नंबर नीट जुळत असेल, तर बाजारातलं घ्यायला हरकत नाही. नंबर मात्र शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचा. 6306 मधल्या शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की आतलं भोक, 30 मिलिमीटर. पण त्यापुढे सी-3 लिहिलंय का ते बघायचं. सी-3 म्हणजे छर्रे आणि कड्यांमधली जागा नेहमीपेक्षा जास्त. बेअरिंग क्रँकवर घट्ट बसलं की आतली कडी फुगते, मशीन तापलं की आणखी फुगते. ही जागा आधीच राखलेली नसेल तर छर्रे आवळले जातात. एका दुकानदाराने मला साधं बेअरिंग पुढे केलं आणि वर ऐकवलं, "सी-3 काय न् साधं काय, सेमच असतं." दुसऱ्याने दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं दिलं, "हे भारीतलं आहे" म्हणून. क्रँककेसमध्ये बेअरिंगला वंगण मिळतं ते पेट्रोलमधल्या तेलाचं. सील लावून तेच अडवायचं?

आणि नकली मालाचं काय सांगावं. एका ठिकाणी मला नामांकित कंपनीच्या खोक्यात बेअरिंग मिळालं, भाव ऐकूनच शंका आली. कडीचा सपाट भाग उजेडात तिरका धरला तर गोल गोल बारीक ओरखडे, घासून चकचकीत केल्याचे, आणि कोपऱ्यात घासण्यातून सुटलेला गंजाचा ठिपका. जुनंच बेअरिंग पॉलिश करून, वर नवीन नंबर उमटवून, नव्या खोक्यात बसवलेलं. ते तिथेच ठेवून आलो. बेअरिंग आपल्याकडे बनत नाहीत असं नाही, एसकेएफचा कारखाना चिंचवडला आहे, एनबीसीचा जयपूरला. अधिकृत विक्रेत्याकडून पावती घेऊन घेतलं तर माल चोख मिळतो. एसकेएफने तर खोक्याचे फोटो पाठवून माल खरा की खोटा ते विचारण्यासाठी मोबाइलवर ॲपच काढलंय. खालचं मेन बेअरिंग मी असं पावतीवर कोल्हापुरातून आणलं.

या नकली प्रकारामुळेच वरचं मेन बेअरिंग मी जुनं ठेवलं. ते रोलरचं, वरच्या टोपणात कडी बसलेली आणि रोलर थेट क्रँकच्या शाफ्टवर. टोपण उचललं की सुटं होतं, त्यामुळे ओढाताण झालेली नव्हती. रोलर एकसारखे, शाफ्टवर नख कुठेही अडकत नव्हतं. ओरिजिनल मागवलं तर हंगामाआधी हाती येईल याची खात्री कुणी देईना, आणि बाजारात मिळत होतं त्यावर कंपनीचं नावच नव्हतं. माहितीतलं जुनं आणि बिननावाचं नवीन यांत मी जुनं घेईन, डोळे मिटून. त्याच्या वरचं ऑइल सील तेवढं बदललं.

गिअर बॉक्समध्ये हिशेब वेगळा लागतो. तिथे बेअरिंग तेलात बुडालेली असतात आणि पंख्याचा शाफ्ट क्रँकच्या साधारण निम्म्याच वेगाने फिरतो. पाणी शिरलं नाही तर ती वरच्या बेअरिंगांना पुरून उरतात. आमच्याकडे पाणी शिरलं होतं, पण हंगामाच्या शेवटीच, आणि तेल लगेच सोडलेलं. सीलच्या जवळची, म्हणजे पंख्याच्या शाफ्टवरची नीडल आणि रिव्हर्स गिअरचं छर्ऱ्यांचं, दोन्ही तांबडी झालेली. ती गेली. पुढच्या गिअरचं टेपर (निमुळत्या रोलरांचं) बेअरिंग मात्र कोन (रोलरांसकट आतली कडी) आणि कप (बाहेरची कडी) दोन्हीकडून स्वच्छ, रोलर धावतात त्या पट्ट्याचा रंग सगळीकडे सारखा करडा. ते ठेवलं. कप केसिंगमध्ये बसलेला, त्याच्या मागे शिम, म्हणजे जाडी जुळवायची पातळ चकती. नवीन टेपर घातलं की जाडीत किंचित फरक पडतो, मग शिम पुन्हा बसवा, गिअरच्या दातांमधला खेळ पुन्हा मोजा. नुसता नवा कोन आणून जुन्या कपात फिरवायचा हा प्रकारही मी करत नाही. दोघे जोडीनेच यायचे, जोडीनेच जायचे.

क्रँकपासून गिअर बॉक्सपर्यंत येणाऱ्या ड्राइव्हशाफ्टवर मात्र घोळ निघाला. पिनिअनजवळ, म्हणजे त्याच्या खालच्या टोकाच्या लहान गिअरजवळ, नीडलचे रोलर धावतात तिथे शाफ्टला गंजून चरा पडलेला. इथे नवीन नीडल टाकून काहीच साधणार नव्हतं. नवीन शाफ्टची किंमत ऐकून चुलतभाऊ म्हणाला, "तेवढ्यात म्हस येता." शेवटी गोव्यात बेतीला भंगारात गेलेल्या मशीनचा शाफ्ट मिळाला. विकणारा म्हणत होता, "बेअरिंगासकट न्या, त्याचे वेगळे पैसे नकोत." बेअरिंगं तिथेच ठेवली. जुना शाफ्ट मायक्रोमीटरने मोजता येतो, नखाने तपासता येतो, जे काय आहे ते उघडं दिसतं. दुसऱ्याच्या मशीनमधलं बेअरिंग किती वर्षं कुठल्या मांगरात पडून होतं, कसं ओढून काढलं, हे कोण सांगणार? फुकट मिळालं तरी नको.

बसवणी मेस्त्रींच्या पडवीत झाली. खालचं मेन बेअरिंग तारेला टांगून तेलात गरम केलं, भांड्याच्या तळाला टेकू न देता, शंभर अंशांच्या आसपास. क्रँक आदल्या रात्री आमच्या डीप फ्रीजरमध्ये, सुरमईच्या पिशव्या बाजूला सारून ठेवली होती. आईने दोनदा विचारलं, "ह्या काय पोरां, मासे खय ठेवूचे?" गार शाफ्टवर गरम बेअरिंग हाताच्या जोरानेच सरकलं. शेवटच्या टेकणीपुरता पाइपचा तुकडा आतल्या कडीवर ठेवून हलका ठोका, बाहेरच्या कडीला हातोडा लावायचाच नाही. मधल्या मेनच्या बाहेरच्या कडीवरची पिन ब्लॉकच्या खाचेत बसली का, हे मेस्त्रींनी बोट फिरवून पाहिलं आणि मलाही बघायला लावलं. ब्लॉकचे दोन भाग जोडताना सीलंट पातळच लावायचं. जास्त झालं तर बाहेर येऊन बेअरिंगला तेल जायची बारीक भोकं बुजवतं. आणि प्रत्येक बेअरिंग तेलाने माखूनच आत गेलं, कोरडं एकही नाही.

पहिले दहा तास पेट्रोलमध्ये दुप्पट तेल, पंचवीस लिटरला एक लिटर. तेल आउटबोर्डचंच, टीसी-डब्ल्यू3 लिहिलेलं. मोटरसायकलचं टू स्ट्रोक तेल स्वस्त पडतं, पण ते या कामासाठी बनवलेलं नाही. आधी पिंपातल्या गोड्या पाण्यात चालवलं, मग नारळी पौर्णिमेनंतर खाडीत, वेग कमीजास्त करत, एकसारखा पूर्ण जोर न देता. वरून आता खरखर नाही, आणि दोर ओढताना दोन्ही सिलिंडरचा दाब हाताला सारखाच लागतो.

गिअर बॉक्सचं तेल दहा तासांनी सोडलं. रंग जसा घातला तसाच, पाणी नाही. तेलाच्या बोल्टच्या चुंबकावर काळसर पिठी, ती नवीन भागांची येतेच, कपचा एकही नाही. ड्राइव्हशाफ्टच्या वरच्या टेपरवर एक फिकट डाग होता, नख न अडकणारा, म्हणून मी ते जुनंच ठेवलंय. चुलतभावाला ते अजून पटलेलं नाही. त्याच्या मते एवढा खर्च झाल्यावर तेवढं एक कशाला राखायचं? दिवाळीच्या गर्दीआधी तेल परत सोडून चुंबक बघायचा, कपचा दिसला तर लगेच, नाही तर येत्या जूनमध्ये ते बदलायचं, असं आमच्यात ठरलंय. नंबर लिहून ठेवलाय, विक्रेत्याला आगाऊ सांगूनही झालंय.